हाडांची शिदोरी : ऑस्टिओपोरोसिस आणि आपल्या रोजच्या सवयी

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एका वाकलेल्या स्त्रीची हकिकत येते. अठरा वर्षे तिला सरळ उभे राहता येत नव्हते. शब्बाथ दिवशी सभास्थानात प्रभू येशूची दृष्टी तिच्यावर पडली. त्याने तिला जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवले आणि ती ताठ उभी राहिली. तिला कोणता आजार होता हे शुभवर्तमानकाराने वैद्यकाच्या भाषेत सांगितलेले नाही आणि दोन हजार वर्षांनंतर त्याचे निदान करण्याचा खटाटोप आपणही करू नये. मात्र एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अठरा वर्षे ती आपल्याच लोकांमध्ये वावरत होती. तिचे वाकलेले असणे इतरांच्या सवयीचे होऊन गेले असले पाहिजे. प्रभूने तिच्याकडे पाहिले, हाच त्या घटनेचा आरंभ आहे.

आपल्या धर्मग्रामांतही रविवारच्या मिस्साबलिदानाला येणाऱ्या वयस्क माता-भगिनींमध्ये पाठीत वाक आलेल्या कितीतरी जणी असतात. दरवर्षी कुणीतरी न्हाणीघरात घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत आपल्या पायांनी देवळात येणारी आजी अंथरुणाला खिळते. ‘वय झाले, आता असे व्हायचेच,’ असे म्हणून आपण मनाचे समाधान करून घेतो. हे समाधान खरे नव्हे. या मोडणाऱ्या हाडांमागे बहुधा ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याचा विकार असतो. तो वार्धक्यात दिसून येत असला तरी त्याची पूर्वतयारी तारुण्यातच, किंबहुना शालेय वयातच झालेली असते. त्यातला काही भाग आपल्या हाती नाही, पण पुष्कळसा भाग आपल्या रोजच्या सवयींवर अवलंबून आहे. कोपरखैरणे व आसपासच्या परिसरात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना डोळ्यांपुढे ठेवून या सवयींचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

हाड जिवंत असते

हाड म्हणजे भिंतीतल्या लोखंडी सळईसारखी एकदा बसवून दिलेली निर्जीव वस्तू, असा आपला समज असतो. वास्तविक हाड ही जिवंत ऊती आहे. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे जाळे आणि त्या जाळ्यात बसलेले कॅल्शियम व फॉस्फरसचे क्षार, अशी त्याची घडण असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड पोखरून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे हाड रचतात. हे काम आयुष्यभर अखंड चालू असते. साधारणपणे दहा वर्षांत आपला सांगाडा जणू नव्याने बांधला जातो.

शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठवलेले असते. उरलेल्या एक टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल आणि मज्जातंतूंचे काम चालते. म्हणून रक्तातील कॅल्शियम कमी होऊ लागले की शरीर ते हाडांतून काढून घेते. आहारातून पुरेसे कॅल्शियम आले नाही तरी हृदय थांबत नाही, कारण त्याची किंमत हाडे मोजत असतात. ती किंमत वर्षानुवर्षे कळत नाही, म्हणून या विकाराला मूक विकार म्हणतात. हाड विरळ होताना दुखत नाही. ते मोडते तेव्हाच आपल्याला कळते.

बालपण आणि किशोरवयात जमा अधिक व खर्च कमी असतो. अठरा-वीस वर्षांच्या वयापर्यंत हाडांची बहुतेक सर्व पुंजी जमा झालेली असते आणि तिशीच्या सुमारास ती सर्वांत अधिक असते. त्यानंतर हळूहळू उतार लागतो. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि हाडांची झीज एकदम वाढते. पहिल्या पाच ते सात वर्षांत काही स्त्रियांच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत घटू शकते. म्हणून वयाच्या पंचविशीपर्यंत बांधलेली शिदोरीच पुढच्या प्रवासाला पुरवायची असते. ज्या मुलीची शिदोरी मुळातच लहान बांधली गेली, तिला साठीनंतर ती कमी पडते.

धोका कुणाला अधिक?

जगभरात पन्नाशी ओलांडलेल्या दर तीन स्त्रियांमागे एकीला आणि दर पाच पुरुषांमागे एकाला ठिसूळ हाडांमुळे अस्थिभंग होतो, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. तेव्हा हा केवळ स्त्रियांचा विकार आहे, असे समजणे बरोबर नाही. भारतात खुब्याचा अस्थिभंग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत लवकरच्या वयात होतो, हे आपल्याकडील अस्थिरोगतज्ज्ञांचे दीर्घकाळचे निरीक्षण आहे.

काही कारणे आपल्या हाती नसतात. आई किंवा वडिलांचे खुब्याचे हाड मोडलेले असणे, पंचेचाळीस वर्षांच्या आत पाळी बंद होणे, शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशये काढली जाणे, अंगकाठी फार बारीक असणे ही त्यांपैकी काही. संधिवात, थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव आणि मूत्रपिंडाचे जुने विकार यांनीही हाडे क्षीण होतात. दमा किंवा संधिवातासाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या असतील तर हाडांविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे, मात्र त्या गोळ्या मनानेच थांबवू नयेत. सांधेदुखीवर हमखास गुण देणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासून मात्र दूरच राहावे. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आपल्या देशात घडलेली आहेत.

कोपरखैरणे परिसरात माथाडी कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. जन्मभर पाठीवर पोती वाहिलेल्या माणसाची हाडे लोखंडासारखी असतील, असे आपल्याला वाटते. कष्टाने हाडांना बळ मिळते हे खरे, पण कष्ट थांबल्यावर ते बळ आपोआप टिकत नाही. निवृत्तीनंतरचे बसून राहणे, जोडीला तंबाखू आणि दारू असेल तर पुरुषाची हाडेही झिजतात. शिवाय पुरुषांत या विकाराची शंकाच कुणी घेत नसल्यामुळे निदान उशिरा होते.

ताटात काय असावे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सुधारित शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यानुसार प्रौढ स्त्री-पुरुषांना दररोज १,००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गरज असते. पूर्वी प्रौढांसाठी ६०० मिलिग्रॅम पुरेसे मानले जाई. हा आकडा मोठा वाटला तरी आपल्या स्वयंपाकघरातील साध्या जिनसांतून त्याच्या जवळ जाता येते.

एक पेला म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. वाटीभर दह्यातून १८० च्या आसपास मिळते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे एका मध्यम भाकरीतून २०० मिलिग्रॅम तरी पोटात जाते. दोन चमचे तिळाच्या चटणीतून १०० हून अधिक आणि शेवग्याच्या पाल्याच्या लहानशा भाजीतून सुमारे १५० मिलिग्रॅम मिळू शकते. या साऱ्यांची बेरीज ९०० च्या घरात जाते. उरलेले डाळ, उसळ, भाज्या आणि मासे यांतून येते. रजोनिवृत्ती झालेल्या भगिनींनी दुधाचा आणखी एक पेला घेतला की त्यांचीही गरज बहुतांशी भागते. दूध पचत नसेल तर दही-ताक बहुधा पचते, कारण विरजणाने दुधातील साखर कमी होते. पालकात कॅल्शियम असले तरी त्यातील ऑक्झॅलेटमुळे ते अंगी फारसे लागत नाही. पालक जरूर खावा, मात्र कॅल्शियमसाठी त्याच्यावर विसंबू नये.

खाडीकाठच्या या मुलखाला मासळीचे वरदान आहे. नवी मुंबई वसण्यापूर्वीपासून येथील आगरी-कोळी गावांत काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी रोजच्या जेवणात असे. आपल्या गोवेकर, वसईकर व ईस्ट इंडियन कुटुंबांनाही ती प्रिय आहे. मांदेली, बोंबील, करंदी, जवळा यांसारखी मासळी काट्यासह वा कवचासह खाल्ली तर कॅल्शियमचा चांगला पुरवठा होतो. सुरमईची किंवा पापलेटची तुकडी महाग असली तरी तिचे हाड आपण ताटात काढून ठेवतो, म्हणून कॅल्शियमच्या हिशेबात स्वस्त मांदेलीच सरस ठरते. सुकी मासळी मात्र जपून खावी. तिच्यातील मीठ पुष्कळ असते, म्हणून ती पाण्यात भिजवून, दोन-तीनदा धुऊन घ्यावी आणि कालवणात वरून मीठ घालताना हात आखडता ठेवावा.

मिठाचा हाडांशी संबंध कित्येकांना ठाऊक नसतो. शरीर जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकते तेव्हा त्याबरोबर कॅल्शियमही वाहून जाते. दिवसाला एकंदर ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. लोणचे, पापड, फरसाण, वेफर्स, चटकन होणाऱ्या शेवया आणि बेकरीचे पदार्थ यांतील मीठही याच हिशेबात धरायचे असते.

कॅल्शियमइतकीच प्रथिनांची गरज असते. वृद्ध माणसे बहुधा चहा-बिस्किटे आणि वरणभात यांवर दिवस काढतात. त्याने स्नायू झडतात, आणि स्नायू झडले की तोल जातो. रोज एखादे अंडे, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, दही, मासळी यांपैकी दोन-तीन गोष्टी वृद्धांच्या ताटात असल्याच पाहिजेत. चहाने हाडे विरघळतात हा समज अतिरंजित आहे. दिवसाला दोन-तीन कप चहाने बिघडत नाही. चहाने जेवणाची जागा घेतली तर मात्र बिघडते.

ताटाचा आणखी एक प्रश्न पोषणशास्त्रापलीकडचा आहे. कित्येक घरांत दुधाचा पेला प्रथम मुलाला, मग घरधन्याला आणि उरलाच तर मुलीला मिळतो. आई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला भाताचा तळ नि पातळ आमटी येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी उत्पन्न गटातील तीस ते साठ वर्षे वयाच्या स्त्रियांची हाडे तपासली होती आणि अपुऱ्या पोषणाचा त्यांच्या हाडांवर झालेला परिणाम त्यातून पुढे आला. पुण्यात जहांगीर रुग्णालयाशी संलग्न हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांतील किशोरवयीन मुलींच्या हाडांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची उणीव वाढीच्या वयातच भरून काढण्याचे महत्त्व अशा अभ्यासांतून पुढे येते. बारा वर्षांच्या मुलीला आज नाकारलेले दूध पन्नास वर्षांनी तिच्या मोडलेल्या हाडाच्या रूपाने समोर येऊ शकते. ज्या घरात प्रभूचे मेज सर्वांसाठी सारखे आहे असे आपण मानतो, त्या घरातले जेवणाचे मेजही तसेच असावयास नको काय?

ऊन असूनही उणीव

आतड्यांनी कॅल्शियम शोषून घ्यावे यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते अन्नातून थोडेच मिळते. मुख्यत्वे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे आपल्या त्वचेतच ते तयार होते. वर्षातील आठ महिने लख्ख ऊन असलेल्या आपल्या प्रदेशात याची उणीव भासू नये, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात मुंबई-पुण्यात झालेल्या अनेक पाहण्यांत, धडधाकट तरुणांमध्येही, ड जीवनसत्त्व कमी आढळलेले आहे.

याची कारणे आपल्या राहणीत आहेत. सिडकोने वसवलेल्या कोपरखैरण्यातील लहान भूखंडांवरची मूळची बैठी घरे आता मजल्यांवर मजले चढवून एकमेकांना खेटली आहेत. गल्लीत ऊन दुपारी घटकाभरच उतरते. कार्यालयात जाणारा सकाळी लोकलने निघतो आणि अंधार पडल्यावर परततो. मुले शाळेतून शिकवणीला आणि शिकवणीतून मोबाइलकडे जातात. गृहिणी चार भिंतींत असते आणि वृद्ध माणसे जिना उतरायला धजत नाहीत. जून ते सप्टेंबर आभाळच भरलेले असते. नखशिखांत वस्त्र परिधान करणाऱ्या आपल्या धर्मभगिनींनाही या उणिवेचा संभव अधिक असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सूर्योदयाच्या वेळचे कोवळे ऊन सुखकर असते, पण त्यात आवश्यक ते किरण फारच थोडे असतात. साधारणतः सकाळी अकरा ते दुपारी दोन या वेळेतील ऊन ड जीवनसत्त्वासाठी अधिक उपयोगी ठरते. आठवड्यातून काही दिवस, या वेळेत वीस-तीस मिनिटे, हात व पाय उघडे ठेवून बसावे किंवा चालावे. सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो. काचेच्या बंद खिडकीतून येणारे ऊन यासाठी कुचकामी असते, कारण काच हे किरण अडवते. एप्रिल-मे महिन्यांत अर्थातच बेताने घ्यावे, डोके झाकावे, पाणी प्यावे आणि चटका बसेपर्यंत थांबू नये. ज्यांना डॉक्टरांनी उन्हात जाण्यास मनाई केली आहे, त्यांनी गोळीचा मार्ग विचारून घ्यावा.

हाडांना वजन हवे

जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ साली एक सिद्धान्त मांडला. हाडावर जसा भार पडतो, तशी त्याची घडण बदलते. याचा पुरावा पुढे अंतराळवीरांनी दिला. वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडांची घनता दर महिन्याला एक टक्का किंवा त्याहून अधिक घटते. अंथरुणावर पडून राहणाऱ्या रुग्णाच्या बाबतीतही असेच घडते, आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या बाबतीत तेच अधिक सावकाश घडते.

म्हणून शरीराचे वजन पायांवर पेलणारे व्यायाम हाडांना हवे असतात. भरभर चालणे, जिना चढणे, नृत्य करणे, मुलांसाठी धावणे, लंगडी आणि दोरीवरच्या उड्या हे त्यांतले सोपे प्रकार होत. पोहणे आणि सायकल चालवणे हृदयाला हितकारक आहे, पण हाडांवर त्याने पुरेसा भार येत नाही. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालावे. सेक्टर १४ मधील निसर्ग उद्यान एके काळच्या कचराभूमीवर फुलले आहे. त्याच्या वाटांवर चालणाऱ्याला वेगळ्या उपदेशाची गरज पडू नये. दुर्लक्षित जमिनीचे असे उद्यान होऊ शकते, तर दुर्लक्षित शरीराचीही निगा राखता येते.

चालण्याच्या जोडीला स्नायूंचे बळ आणि तोल यांचा सराव हवा. ओट्याला धरून टाचा वर उचलणे, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, आधाराजवळ एका पायावर दहा सेकंद उभे राहणे हे भाजी शिजेपर्यंतही करता येते. ज्यांचा मणका यापूर्वी दबला आहे किंवा ज्यांना ऑस्टिओपोरोसिसचे निदान झाले आहे, त्यांनी पुढे वाकून पायांचे अंगठे धरण्यासारखी आसने आणि वाकून जड बादली उचलणे टाळावे, कारण त्याने मणक्यावर धोक्याचा दाब येतो. त्यांनी व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.

तंबाखू, मशेरी आणि मद्य

सिगारेट-विडीमुळे हाडे रचणाऱ्या पेशींचे काम मंदावते, स्त्रियांत पाळी लवकर थांबते आणि मोडलेले हाड सांधण्यास उशीर लागतो. महाराष्ट्रात विडी ओढणाऱ्या स्त्रिया थोड्याच असतात, परंतु मशेरी लावणाऱ्या पुष्कळ आहेत. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ही भुकटी दात घासण्याचे निमित्त करून दिवसातून चार-चार वेळा तोंडात जाते. ती तंबाखूच आहे. तोंडाच्या कर्करोगाचे भय तर तिच्यात आहेच, शिवाय तिने भूक मरते आणि बाई जेवणाऐवजी मशेरीवर वेळ मारून नेते, म्हणजे हाडांचे अन्नही तुटते.

मद्याविषयी आपल्या समाजात मोकळेपणाने बोलणे अगत्याचे आहे. लग्न, बारसे, सणवार यांत पेला पुढे करणे हा काही घरांत पाहुणचाराचाच भाग समजला जातो. दररोज तीन किंवा अधिक मापे मद्य घेणाऱ्यांत अस्थिभंगाचा धोका वाढतो, म्हणूनच धोका मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याची स्वतंत्र नोंद घेतली जाते. अतिमद्यपानाने हाडे रचणाऱ्या पेशी दुबळ्या होतात, यकृत बिघडते आणि ड जीवनसत्त्वाचे काम अडते. शिवाय माणसाचा तोल जातो तो वेगळाच.

उपवास आणि प्रकृती

प्रायश्चित्त काळात आपल्यापैकी काही वयस्क मंडळी आपणहून कडक उपवास करतात. कुणी चाळीस दिवस दूध सोडतात, कुणी एकभुक्त राहतात. त्यांच्या भक्तीविषयी आम्हांला आदर आहे. परंतु ख्रिस्तसभेचा नियम काय आहे, हेही ठाऊक असावे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या १२५२ व्या कलमानुसार उपवासाचे बंधन वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. त्यापुढील वृद्धांना ते लागू नाही, आणि आजारी माणसालाही त्यातून मोकळीक असते. ख्रिस्तसभा माता आहे आणि माता दुबळ्याकडून अन्न सोडण्याची अपेक्षा करीत नाही. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात आपल्या शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे. मंदिराची डागडुजी करणे हीदेखील सेवाच होय. ज्यांना त्याग करायचाच आहे, त्यांनी मशेरी, मद्य किंवा खारट फरसाण सोडावे. त्याचप्रमाणे प्रकृतीमुळे गुडघे टेकता येत नसतील तर बसून प्रार्थना करण्यात कोणताही कमीपणा नाही.

पडणे टाळावे

खुब्याचे हाड बहुतेक वेळा घरातल्या घरात पडल्यानेच मोडते. न्हाणीघरातील ओली फरशी, सरकणारे पायपुसणे, रात्री लघवीला उठताना असलेला अंधार, वाटेत ठेवलेली बादली, झिजलेल्या तळव्याची चप्पल ही नेहमीची कारणे आहेत. न्हाणीघरात व शौचालयात भिंतीला धरण्यासाठी दांडी बसवावी, फरशीवर न घसरणारी रबरी चटई अंथरावी, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री लहान दिवा तेवत ठेवावा. चष्म्याचा नंबर वेळेवर तपासून घ्यावा आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकू नये. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीने उठताना चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावे. काठी घेण्याची लाज वाटू देऊ नये. या साऱ्याला लागणारा खर्च एका शस्त्रक्रियेच्या खर्चापुढे नगण्य आहे. शिवाय खुब्याचे हाड मोडल्यानंतर वर्षभराच्या आत दगावणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी असते आणि जगणाऱ्यांपैकी कित्येकांना पूर्वीसारखे स्वतंत्रपणे वावरता येत नाही.

तपासणी आणि औषधे

तरुणपणाच्या मानाने उंची दीड इंचाने घटणे, पाठीला नव्याने वाक येणे, मार न लागता पाठीत एकाएकी कळ उठणे किंवा उभ्याने पडल्यावर मनगट मोडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी केवळ वेदनाशामक गोळी किंवा मलम घेऊन थांबू नये. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडले असेल, तर प्लास्टर निघाले म्हणजे उपचार संपला असे होत नाही. ते का मोडले याचा तपास व्हावयास हवा.

निदानाची मान्य तपासणी म्हणजे डेक्सा. कमी मात्रेच्या क्ष-किरणांनी कंबर व खुबा येथील हाडांची घनता त्यात मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या निकषानुसार उणे २.५ किंवा त्याहून खालचा टी-अंक म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. उणे १ ते उणे २.५ यांच्या दरम्यानची स्थिती ही त्याच्या उंबरठ्यावरची होय. पासष्ट वर्षांवरील स्त्रियांनी, सत्तर वर्षांवरील पुरुषांनी आणि वर सांगितलेली कारणे असलेल्यांनी त्याआधीच या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. मोफत शिबिरांत टाचेवर यंत्र लावून जी तपासणी होते ती प्राथमिक चाचणी असते. तिच्यावरून घाबरून औषधे सुरू करू नयेत आणि निश्चिंतही होऊ नये.

कॅल्शियमची गोळी आहारातील उणीव भरून काढण्यासाठी असते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच घ्यावी. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबर घ्यावी, लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवावे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. शेजारणीला गुण आला म्हणून महिनोन्महिने किंवा रोज घेतली तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. निदान झालेल्यांसाठी आज परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची काही गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नसते. घरातील तरुणांनी ही पथ्ये वृद्धांना समजावून द्यावीत. वाशी येथील नवी मुंबई महापालिकेच्या सार्वजनिक रुग्णालयात किंवा आपल्या विभागातील महापालिकेच्या आरोग्य केंद्रात प्रारंभीचा सल्ला घेता येईल.

आपण काय करू शकतो

दरवर्षी २० ऑक्टोबर हा जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो, ११ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन पाळते आणि २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व वृद्धांचा दिन साजरा होतो. या निमित्तांनी भाषणे व फुले यांच्या पुढे एक पाऊल टाकता येईल. महिला मंडळाने नाचणी, तीळ आणि शेवग्याच्या पदार्थांचे प्रात्यक्षिक ठेवावे. युवकांनी आपल्या विभागातील एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी जाऊन न्हाणीघरात दांडी बसवून द्यावी, दिवा लावून द्यावा. समूहाने सकाळी चालण्याचा उपक्रम सुरू केल्यास हाडांबरोबर एकटेपणाचेही औषध होईल. देवळाच्या पायऱ्यांना कठडा आहे की नाही, पावसाळ्यात प्रवेशद्वारापाशी फरशी निसरडी होते की काय, याकडे धर्मग्राम परिषदेने लक्ष पुरवावे. आजाऱ्यांना पवित्र ख्रिस्तशरीर नेणाऱ्या सेवकांनी घरातील वृद्ध उन्हात बसतात का, पोटभर जेवतात का, एवढी चौकशी प्रेमाने करावी.

वाचकहो, या लेखातील सर्व गोष्टी एकदम अंगीकारणे कुणालाच जमणार नाही. म्हणून आजच तीन गोष्टी कराव्यात. घरातील मुलीच्या हाती दुधाचा पेला द्यावा, घरातील आईला सर्वांबरोबर जेवायला बसवावे आणि आजीचा हात धरून तिला दुपारच्या आधी घटकाभर उन्हात फिरवून आणावे. या तिन्हींना लागणारा खर्च अल्प आहे. त्यासाठी आपल्याच माणसाकडे लक्ष देऊन पाहण्याची तयारी तेवढी हवी.